बर्फातली गाडी आणि आपला घाटातला पाय : वाचकांचे प्रश्न

दरवर्षी दिवाळी झाली की माझ्याकडं येणारे प्रश्न ठरलेले असतात, मायलेज का पडलं, सेकंडहँड घेऊ का, क्लच वास मारतोय. यंदा निम्मे प्रश्न बर्फाचे. साताऱ्या-सांगलीच्या लोकांना बर्फाचं काय पडलंय म्हणाल तर कारण उघड आहे, 3 ऑक्टोबर 2020 ला अटल बोगदा सुरू झाला आणि जिथं रोहतांग खिंड बंद झाली की निम्मं वर्ष गाडी जात नव्हती तिथं आता 9.02 किलोमीटरचा बोगदा ओलांडला की माणूस थेट लाहौलमध्ये, भर हिवाळ्यात. त्यात रील बघून बघून पोरांना वाटायला लागलंय की पसरणी घाट उतरता आला म्हणजे बोगद्यापलीकडचं सिस्सूपण जमतंय. मी स्वतः फौजेत ड्रायव्हर होतो, बर्फात ट्रक चालवलाय आणि घसरवलाय पण, आता साताऱ्यात गॅरेज आहे. तेव्हा जे ठाऊक आहे ते सांगतो.

प्रश्न : काका, आम्ही विट्याजवळचे. चुलत्यांचं हिमाचलात गलाईचं, म्हणजे सोनं-चांदी गाळायचं, दुकान आहे, तीस वर्षं झाली तिकडंच असतात. दरवर्षी बोलावतात, यंदा डिसेंबरच्या शेवटी जायचं पक्कं केलंय, आपलीच डिझेल गाडी घेऊन, मी, बायको, दोन पोरं आणि आई. तिथनं पुढं मनाली, बोगदा, सिस्सू असं डोक्यात आहे. गाडीचं काय काय करून घेऊ? चुलते म्हणतात ये बिनधास्त, काय होत नाही.

उत्तर : चुलत्यांचं बरोबर आहे, त्यांना काय होत नाही कारण बर्फ पडला की ते शेगडीजवळ दुकानात बसून असतात. रस्त्यावर आपण असतो.

पहिलं डिझेल. थंडीत सकाळी खोबरेलाची बाटली उन्हात ठेवता का नाही? डिझेलचं तेच होतं. त्यातलं मेण थिजायला लागतं, डिझेल आधी गढूळ दिसतं, मग फिल्टरमध्ये ते मेण अडकतं आणि गाडी सुरू होत नाही, नाहीतर सुरू होऊन दोन किलोमीटरवर बंद पडते. आपल्याकडच्या मानकात डिझेल किती थंडीपर्यंत फिल्टरमधनं जायला पाहिजे त्याची मर्यादा उन्हाळी डिझेलला 18 अंश आणि हिवाळीला 6 अंश एवढीच आहे, आणि तुम्ही जाताय तिथं रात्री शून्याच्या खाली. म्हणून इकडं टाकी फुल्ल करून तेच डिझेल वरपर्यंत न्यायचं नाही. खाली पंजाबात टाकी जवळजवळ रिकामी होईल असा हिशोब धरा आणि मंडी-कुल्लूच्या भागात भरा, तिथल्या पंपवाल्याला विचारून. लडाखसाठी इंडियन ऑइलनं नोव्हेंबर 2019 मध्ये खास हिवाळी डिझेल काढलं, ते उणे 33 अंशांपर्यंत वाहतं राहतं, पण ते वरच्या भागासाठी, सगळीकडं मिळेल असं धरून चालू नका. आणि कुणी सांगेल रॉकेल मिसळा, आमच्या काळात मिसळायचे, तेव्हाचे पंप वेगळे होते. आताच्या बीएस-सिक्स (नव्या धूर-नियमांच्या) गाडीच्या पंपाला डिझेलचंच वंगण लागतं, रॉकेलनं पंप खाल्ला तर बिल बघून तुम्हालाच थंडी वाजेल.

डिझेल फिल्टर जुना असेल तर निघायच्या आधी बदला आणि त्यात साठलेलं पाणी काढून घ्या, थंडीत ते पाणीपण गोठतं.

दुसरं कुलंट, म्हणजे रेडिएटरमधलं इंजिन थंड ठेवणारं पाणी. हे मी रोज गॅरेजमध्ये बघतो, खंबाटकीत गाडी तापली की माणूस बाटलीतलं पाणी ओततो, परत कुणी कुलंट घालत नाही, वर्षभरात रेडिएटरमध्ये नुसतं हिरवट पाणी उरतं. साताऱ्यात चालून जातं. तिकडं रात्री ते पाणी गोठलं की फुगतं आणि रेडिएटर नाहीतर ब्लॉकच फोडतं. सगळं काढून टाका, कुलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं घाला, ते उणे 35 च्या आसपास टिकतं. जास्त चांगलं म्हणून नुसतंच कुलंट ओतू नका, पाणी न मिसळता ते उलट लवकर गोठतं. वायपरच्या टाकीत नळाचं पाणी असेल तर तेपण काढा, न गोठणारं लिक्विड मिळतं ते भरा. बॅटरी तीन वर्षांवर गेली असेल तर तपासून घ्या, उणे 18 ला बॅटरीचा जोर जवळजवळ निम्म्यावर येतो आणि तिकडं धक्का मारायला खालनं घसरणारी जमीन असते.

तिसरं साखळी, बर्फात पकड मिळावी म्हणून टायरवर चढवतात ती. फौजेत आम्ही नॉनस्किड चेन म्हणायचो. टायरच्या साइजची घ्या, मनालीत भाड्यानं पण मिळते. इंजिनची ओढ ज्या चाकांवर असते त्या चाकांना लावायची, तुमच्या बहुतेक गाड्यांना ती पुढची चाकं असतात. इथं अंगणात दोनदा लावून बघा, चहा पीत पीत, कारण तिकडं बोटं बधिर झालेली, मागं शंभर गाड्या हॉर्न वाजवतायत, आणि तेव्हा पहिल्यांदा पिशवी उघडून कुठली कडी कुठं म्हणायचं हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. घसरायला लागल्यावर लावायची नसते, त्याच्या आधी सपाटीला थांबून लावायची, शे-दोनशे मीटर जाऊन परत आवळायची, 30 च्या वर जायचं नाही आणि कोरडं डांबर लागलं की काढायची.

रात्री गाडी लावताना हँडब्रेक ओढू नका. आपल्याला लहानपणापासनं सवय आहे, उतरलं की कर्रकन ओढायचा. तिकडं ओले ब्रेकशू ड्रमला चिकटून गोठतात, सकाळी चाक फिरत नाही. सपाट जागा बघा, पहिल्या गिअरात टाका, चाकांना दगड लावा. वायपर काचेपासून उचलून ठेवा.

एवढं सगळं सांगून झाल्यावर माझं मत ऐका. आई आणि दोन पोरं बरोबर आहेत ना, तर गाडी मनालीपर्यंतच न्या, हॉटेलखाली लावा, आणि पुढं सोलंग-बोगदा-सिस्सूला तिथल्या फोर बाय फोरवाल्या (चारी चाकांना इंजिनची ओढ असते त्या) पोराची गाडी करा. बर्फ पडला की सोलंगच्या पुढं पोलीस एरवीही फोर बाय फोर नाहीतर चेनवाल्याच गाड्या सोडतात. दोन हजार किलोमीटरच्या वर स्वतः चालवत गेलात त्यात तुमचा मान झाला, शेवटच्या चाळीस किलोमीटरसाठी हट्ट नको.

प्रश्न : नमस्कार दादा, मी साताऱ्याची, रोज यवतेश्वर घाटानं शाळेवर जाते, पावसाळ्यात धुक्यातपण, म्हणजे गाडी चालवायची भीती नाही. आम्ही नवीन गाडी घेतोय आणि मिस्टरांचं म्हणणं फोर बाय फोर घेऊ म्हणजे काश्मीर-मनाली हिवाळ्यात टेन्शन नाही. खरंच टेन्शन नाही का? आणि बर्फावर ब्रेक कसा मारायचा, सगळे वेगवेगळं सांगतात.

उत्तर : ताई, फोर बाय फोर गाडीला चालायला मदत करते, थांबायला नाही. चार चाकांना ओढ मिळते म्हणून चढावर ती सुरेख जाते, आणि तिथंच माणूस फसतो, गाडी चढतेय म्हणजे रस्ता धरतोय असं वाटतं. ब्रेक तर साध्या गाडीलाही चारी चाकांना असतातच.

हिशोब बघा. कोरड्या डांबरावर ताशी 40 नं जाताना करकचून ब्रेक मारला तर गाडी नऊएक मीटरमध्ये उभी राहते. तेच गोठलेल्या पाण्यावर साधारण साठ-पासष्ट मीटर. म्हणजे पाच-सहा एसट्या एकामागं एक लावल्या तर होईल एवढं अंतर तुम्ही ब्रेकवर पाय ठेवून नुसतं बघत बसणार. वीसच्या स्पीडला तेच अंतर सोळा मीटर होतं, चौथाई. म्हणून बर्फातला खरा ब्रेक म्हणजे आधीच कमी ठेवलेला स्पीड, पेडल नंतर.

आणि एक, पांढरा बर्फ तेवढा वाईट नसतो. ताजा बर्फ टायरखाली दबतो, कचकच आवाज येतो, थोडी पकड देतो. वाईट तो जो दिसत नाही. दिवसा ऊन पडतं, कडेचा बर्फ वितळून पाणी रस्त्यावर येतं, चार-साडेचारला सावली आली की त्याचा पातळ पापुद्रा गोठतो, वरून नुसतं ओलं डांबर दिसतं. तिकडचे ड्रायव्हर त्याला पाला म्हणतात. आपला पाला शेळ्या खातात, त्यांचा पाला गाड्या खातो. आपल्याकडची त्याची बहीण सांगतो, उसाच्या फडातनं ट्रॅक्टर रस्त्यावर येतो, डांबरावर चिखल लागतो आणि वर अवकाळीचा शिडकावा होतो, तिथं टू-व्हीलरवाले कसे आडवे होतात बघितलंय ना, तसंच, पण चारचाकीला आणि खाली दरी.

तो ओळखायचा कसा? डोंगराच्या सावलीतलं वळण, पूल आणि मोऱ्या (खालनं पण वारा लागतो म्हणून पूल आधी गोठतो), जिथं झऱ्याचं पाणी रस्ता ओलांडतं ती जागा. रस्ता ओला दिसतोय पण पुढच्या गाडीच्या टायरमागं पाणी उडत नाही, तर ते पाणी नाही. टायरचा आवाज एकदम बंद झाला, गाडी फार गुळगुळीत चालतेय असं वाटलं, तर खूश व्हायचं नाही, पाय हलका करायचा.

आता पाय. आपल्या घाटातली सगळ्यात घाण सवय म्हणजे उताराला न्यूट्रल करून डिझेल वाचवणं, ती तिकडं घेऊन जाऊ नका. उताराला वरच दुसरा टाका, फार उतार असेल तर पहिला, आणि गिअरवरच उतरा, ब्रेकला फक्त स्पर्श. गिअर खाली टाकताना पण क्लच झटकन सोडू नका, इंजिननं चाकं एकदम अडवली की तीपण घसरतात. निघताना दुसऱ्या गिअरात निघा म्हणजे चाक जागेवर गरगरत नाही. ब्रेकचं वेगवेगळं सांगतात त्याचं कारण गाडी वेगवेगळी असते. एप्रिल 2019 पासनं नव्या कारला एबीएस (ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचं आहे, तुमच्या नव्या गाडीत असणारच, तर पेडल दाबून धरून ठेवायचं, पायाखाली खडखड करेल, थरथरेल, घाबरून पाय काढायचा नाही, ते त्याचं काम करतंय. एबीएस नसलेल्या जुन्या गाडीत मात्र थोडं दाब-सोड दाब-सोड.

गाडी आडवी सटकलीच तर मात्र ब्रेकवरचा पाय काढा, ॲक्सिलेटरवरचा काढा, क्लच दाबा आणि जिकडं जायचंय तिकडं बघा. दरीकडं बघितलं की हात दरीकडं वळतात, हे खोटं वाटतं पण तसंच आहे. गाडीचं बूड डावीकडं गेलं तर स्टिअरिंग हळूच डावीकडं, उजवीकडं गेलं तर उजवीकडं. पुढची चाकं वळत नसतील तर आणखी पिळू नका, थोडं सरळ करा, चाकांना पकड मिळाली की मग वळवा.

हे मी शहाणपणानं सांगत नाही, मार खाऊन सांगतोय. नोकरीच्या दुसऱ्या हिवाळ्यात काश्मीरच्या वाटेवर बनिहालच्या बाजूला माझ्याकडं शक्तिमान ट्रक होता, मागं बटाट्याची पोती. सावलीतलं वळण, रस्ता नुसता ओला दिसला, मी घाटातला पोरगा, खंबाटकीत मारतो तसा वळणाच्या आधी ब्रेक मारला. ट्रक नांगराला न जाणाऱ्या खोंडासारखा आडवा झाला आणि आडवाच सरकत गेला, कठड्याला टेकून थांबला. आवाज काही नाही हो, शांत. मला शिकवणारे उस्ताद शेजारी बसले होते, ते खाली उतरले, रस्त्यावर बूट घासून बघितला, मला पण उतरवून घासायला लावला, आणि म्हणाले आता दिवसभर कॉन्व्हॉय (गाड्यांची रांग) थांबली की प्रत्येक ठिकाणी उतरून बूट घासायचा. संध्याकाळपर्यंत मला गाडीतनंच कळायला लागलं कुठं गोठलं असेल. ताई, तुम्हीपण तेच करा, शंका आली की सरळ जागी थांबून उतरा आणि बुटानं घासून बघा. सकाळी दहाच्या आधी निघू नका आणि तीन-साडेतीनला मुक्कामाला परत या.

गाडीचं म्हणाल तर पैसे असतील तर घ्या फोर बाय फोर, चांगलीच असते, पण मिस्टरांना वरचे साठ मीटर वाचून दाखवा.

प्रश्न : माझा मुलगा कॅनडात माँट्रियलला असतो. दर थंडीला चारी टायर बदलतो आणि उन्हाळ्यात परत दुसरे घालतो, दोन-दोन सेट. मी म्हणते चांगले टायर असताना कशाला पैसे घालवतो, तर म्हणतो आई तुला नाही कळणार. तुम्हीच सांगा. (कराडच्या एक आजी)

उत्तर : आजी, पोरगं खरं बोलतंय, आणि तिकडं त्याला पर्यायच नाही. माँट्रियल ज्या क्युबेक प्रांतात आहे तिथं 1 डिसेंबर ते 15 मार्च हिवाळी टायर कायद्यानंच लागतात. आपल्या साध्या टायरचं रबर साधारण 7 अंशांच्या खाली कडक व्हायला लागतं, शिळ्या भाकरीसारखं, मग ते रस्त्याला चिकटत नाही. हिवाळी टायरचं रबर थंडीत मऊ राहतं आणि त्याच्या नक्षीत बारीक बारीक चिरा असतात त्या बर्फाला धरतात. आणि दोन सेट आलटून पालटून वापरतो म्हणजे प्रत्येक सेट निम्माच झिजतो. फक्त विचारा की चारी बदलतोस ना, का दोनच. दोनच बदलले तर गाडीचं एक टोक धरतं आणि दुसरं फिरतं.

प्रश्न : बर्फात ट्रॅफिक जाम होऊन अडकलो तर गाडीत हीटर लावून झोपलं तर चालतं का? (सांगली)

उत्तर : नाही. हा एक प्रश्न मी सगळ्यांना वाचायला लावणार आहे. जानेवारी 2022 मध्ये पाकिस्तानात मरी इथं बर्फ बघायला गेलेले लोक गाड्यांत अडकले आणि किमान 22 जण गेले, त्यातले काही काचा बंद करून हीटर लावून बसलेले होते. होतं काय, बर्फ साठून मागचा सायलेन्सर बुजतो, धूर बाहेर जात नाही, गाडीखाली साठतो आणि आत येतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, माणसाला नुसती पेंग येते आणि थंडीची झोप आहे असंच वाटतं.

अडकलात तर आधी उतरून सायलेन्सरभोवतीचा बर्फ काढा, आणि बर्फ पडत असेल तर परत परत काढा. तासातनं दहाएक मिनिटं इंजिन चालू ठेवा, तेव्हा वाऱ्याच्या उलट बाजूची काच दोन बोटं उघडी, मग बंद. सगळ्यांनी एकदम झोपायचं नाही, एकानं जागं राहायचं. आणि म्हणूनच वर बर्फाच्या भागात टाकी निम्म्याच्या खाली येऊ द्यायची नाही. डिसेंबर 2024 मध्ये सोलंग आणि बोगद्याच्या मध्ये हजारभर गाड्या अडकल्या होत्या, पोलिसांनी लोकांना काढलं, म्हणजे हे तुमच्या बाबतीत होणार नाही असं समजू नका. गाडीत घोंगडी, पाणी, भडंग, शेंगदाण्याचे लाडू, एक छोटं फावडं आणि गोणीभर वाळू ठेवा. चाक जागेवर फिरायला लागलं की ॲक्सिलेटर वाढवू नका, खालचा बर्फ वितळून काच होते, त्यापेक्षा वाळू टाका, वाळू नसेल तर पायातली मॅट चाकाखाली सरकवा. टपावर बर्फ साठला असेल तर निघायच्या आधी झाडून काढा, नाहीतर पहिल्या ब्रेकला सगळा थर काचेवर येतो.

प्रश्न : मी महाबळेश्वरचा, वेण्णा तलावाच्या बाजूला स्ट्रॉबेरीचं शेत आहे, पहाटे माल घेऊन पिकअपनं वाईला उतरतो. डिसेंबर-जानेवारीत काही दिवस काचेवर टपावर पांढरा थर असतो. मोबाइलवर तापमान 5-6 दाखवतंय मग गोठतं कसं? आणि गरम पाणी मारलं तर काच जाईल का?

उत्तर : हा खरा आपल्या घरचा प्रश्न. मोबाइल हवेचं तापमान सांगतो, तेपण तुमच्या शेतातलं नाही. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असला की गाडीचा पत्रा आणि काच आपली उष्णता आभाळात सोडून देतात आणि हवेपेक्षा बऱ्याच थंड होतात, थंड हवा जड म्हणून तलावाच्या खोलगट भागात साठते, त्यामुळं बाजारपेठेत काही नसतं आणि वेण्णा-लिंगमळ्याला दव गोठतं. गाडी झाडाखाली किंवा शेडखाली लावली तर थर येत नाही हे तुम्ही बघितलं असेलच.

गरम पाणी अजिबात नको, काचेवर एखादा खड्याचा टिचका असेल तर तिथनं चीर सरसर जाते. घरातलं उलथनं पण नको, ओरखडे उठतात. थर असताना वायपर चालवू नका, रबर फाटतं, मोटर जळते. जुनं एटीएम कार्ड घ्या आणि खरवडा, नाहीतर कोरोनात आणलेलं पातळ सॅनिटायझर कुठंतरी पडलेलं असेल ते फवारा, त्यातल्या अल्कोहोलनं थर लगेच सुटतो, फक्त बिडी पेटवलेली नको. आतनं काच धूसर होते त्याला एसी आणि हीटर दोन्ही एकदम चालू करा आणि बाहेरची हवा आत घ्या. एसी थंड करायला नाही, हवा कोरडी करायला. आणि काचेला बशीएवढं भोक पाडून पसरणी उतरणारे मी बघितलेत, तसं नको, पूर्ण काच साफ करूनच निघा. त्या वेळी पाचगणीपासनं खाली पायी कामाला जाणाऱ्या बायका कडेनं चालत असतात.

सगळ्यात सोपं म्हणजे रात्री काचेवर जुनी वाकळ टाकायची, कोरडी, आणि टोकं दरवाजात अडकवायची. दव वाकळीवर पडतं. ओली असेल तर टाकू नका, तीच काचेला चिकटून बसते, मग वाकळ सोडवायला परत तुम्ही मला पत्र लिहाल.